लोकप्रियता आणि समीक्षा : दादा कोंडके यांची द्व्यर्थी भाषा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
1. लोकप्रियता आणि कलामूल्य यांतील भेद सांगता येईल.
2. द्व्यर्थी संवादाचे भाषिक विश्लेषण करता येईल.

विषय-विवेचन
दादा कोंडके (1932–1998) वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. 1971 च्या ‘सोंगाड्या’नंतर त्यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सवी, म्हणजे 25 आठवडे चालणारे, ठरले. अशा 9 चित्रपटांमुळे त्यांची गिनेस बुकात नोंद झाली. शिष्ट समीक्षेने मात्र त्यांच्यावर ‘चावट’, ‘अश्लील’ असे शिक्के मारले. ही तफावत भाषेच्या अंगाने तपासून पाहू.

द्व्यर्थ मराठीला परका नाही. पंडित कवींच्या रचनेत तो श्लेष अलंकार म्हणून गौरवला जातो. तमाशाच्या बतावणीतही शब्द दोन अर्थांनी खेळवण्याची जुनी रीत आहे. माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबा यात्रेत तमाशाचे फड पाहिलेल्यांस ती ठाऊक असेल. साधन एकच असले, तरी त्याची प्रतिष्ठा ते कोण, कोणासमोर वापरतो यावर ठरत आली. म्हणून दादांवरील टीकेत बोलीविषयीची आणि ग्रामीण प्रेक्षकाविषयीची तुच्छता कितपत मिसळली होती, हे तपासणे आवश्यक ठरते.

तथापि, सर्वच आक्षेप फेटाळता येत नाहीत. ‘सोंगाड्या’चा नायक नाम्या भोळा आहे. तो वाच्यार्थानेच बोलतो आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटतो. नाम्याचे अजाणपण आणि प्रेक्षकाची जाण यांच्यातील अंतरातून हसू निर्माण होते. पुढे 1986 च्या ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ या हिंदी चित्रपटाचे शीर्षकच सूचक आहे. तेथे वाच्यार्थ केवळ आडोशापुरता उरतो. दोन्ही अर्थ सजीव असले तरच श्लेष टिकतो. शिवाय हे हसू अनेकदा स्त्रीदेहाच्या आधाराने उभे राहते, हा आक्षेपही गंभीरपणे घ्यावा लागतो.

सारांश
तिकीटविक्रीवरून किती प्रेक्षक आले हे कळते. ते कशाला हसले आणि का हसले, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. केवळ निषेध केल्याने ते काम पूर्ण होत नाही.

स्वाध्याय
1. अभिधा आणि व्यंजना या शब्दशक्तींच्या आधारे द्व्यर्थी संवादाचे स्वरूप स्पष्ट करा.
2. नांदेड–लातूर परिसरात आपण ऐकलेली एखादी बतावणी आठवून लिहा. तिच्यातील दोन्ही अर्थ सजीव आहेत का, ते सकारण सांगा.