‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी : गाडीची ओढ परत आणायचा खरा खर्च

‘टर्बो गेला, आप्पा.’ गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या वाक्यांत याच्याइतकं महाग दुसरं नाही. बोलेरो असो, पिकअप असो, स्कॉर्पिओ असो की जुनी डिझेल स्विफ्ट, नवा टर्बो बसवायचा म्हटलं की पार्ट आणि मजुरी धरून २० ते ४५ हजार गेले. जुनाच खोलून आतला कार्ट्रिज बदलला तर ८ ते १५ हजार. मात्र ओढ गेली म्हणजे टर्बोच गेला असं नव्हे. अनेकदा टर्बो धडधाकट असतो, त्यानं दाबलेली हवा वाटेत निसटते, आणि ती वाट तपासायला आपल्या शिंदखेड्यात घराच्या ओट्यासमोर एक सकाळ पुरते.

इथले आकडे बाहेरच्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ते वाढतात. फोन करून भाव विचारल्याशिवाय गाडी धुळ्याच्या रस्त्याला लावू नका. नुसतं ‘बघून सांगतो’ म्हणवून घ्यायला डिझेल आणि अर्धा दिवस मोडतो.

पहिला खर्च स्कॅनरचा. ब्लूटूथवर फोनला जोडणारा छोटा स्कॅनर ५०० ते १५०० रुपयांत मिळतो, आणि साधारण २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याची खाच असते. चेक लाइट लागला असेल तर कोड वाचा. ‘पी ०२९९’ म्हणजे हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, ‘पी ०२३४’ म्हणजे जास्त, ‘पी ०१०१’ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं माप जुळत नाही, ‘पी ००८७’ म्हणजे डिझेलचाच दाब अपुरा. कोड फक्त लक्षण सांगतो. पी ०२९९ आला म्हणून टर्बोची ऑर्डर देणं हा पैसे घालवायचा सरळ रस्ता आहे.

मग धूर पाहा. जोर दिल्यावर काळा धूर आणि ओढ कमी, म्हणजे डिझेल जातंय पण हवा पोचत नाही. निळसर धुरात ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी गार इंजिनातून थोडा निघाला तर सोडून द्या; इंजिन तापल्यावरही निघत राहिला तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा.

आपल्याकडे या दुखण्याला स्थानिक कारणंही आहेत. मे महिन्यात पारा ४४ वर जातो तेव्हा २० अंशांच्या हवेपेक्षा त्या हवेत सात-आठ टक्के कमी वजन मावतं. म्हणून उन्हाळ्यात भरलेली पिकअप थोडी मंद वाटली तर तो बिघाड नव्हे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या आणि दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत तंतू आणि धूळ बसते. ती साध्या पाइपच्या पाण्यानं, इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीची पातळ पानं आडवी होतात. एअर फिल्टर ३०० ते ७०० रुपयांचा आहे. तो झटकून झटकून तीन हंगाम चालवणं ही बचत नाही. फाटक्या कागदातून गेलेली माती टर्बोची पाती खाते. डिझेल फिल्टर ४०० ते १२०० रुपयांना पडतो, त्याच्या तळातलं पाणीही सोडा.

आता मुख्य काम. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी होज जातात. त्यांना चीर पडते, क्लिप ढिली होते, ऑइलनं रबर फुगतं. गाडी उभी असताना हे कळत नाही, कारण रिकाम्या फेऱ्यांवर आत दाबच नसतो. तेव्हा दाब आपण भरायचा. ठिबकच्या दुकानातून होजच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप घ्या. तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवा. व्हॉल्व्ह, कॅप आणि क्लिपा मिळून २०० रुपयांच्या आसपास. इंजिन गार आणि चावी बाहेर हवी. एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापाशी सोडवा आणि तिथे ही कॅप क्लिपनं आवळा. इंजिनाच्या श्वासाचा बारीक पाइप त्याच वाटेला जोडलेला असेल तर तो काढून टर्बोच्या वाटेवरचं तोंड बुजवा, नाहीतर भरलेली हवा ऑइलच्या टाकीत शिरेल आणि सील उचलेल.

मग फूट पंपानं हवा भरा. १० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा मोह आवरा, कारण कॅप उडाली तर ती तोंडावर येते. चष्मा लावा आणि बाजूला उभे राहा. काटा हळूहळू उतरेल, ते साहजिक आहे, कारण इंजिनाची एखादी झडप उघडी असतेच. फुसफुस एकाच जागेवरून येते का ते ऐकायचं. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर आणि होजच्या खालच्या अंगाला लावा, कारण वरून नवी दिसणारी होज खालून कापलेली असू शकते. फेस आला तिथे गळती. क्लिप ५० रुपयांची, होज ८०० ते ३००० ची. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवणारे असतात. ती पट्टी धुळ्यापर्यंत पोचवते, त्यापुढे तिच्यावर भरवसा ठेवू नका.

गळती नसेल तर कॅप काढा; टर्बोचं तोंड उघडंच आहे, पातं बोटानं फिरवून पाहा. वरखाली किंचित हलणं चालतं. आतबाहेर हललेलं जाणवलं किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मिस्त्रीचं खरं. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असणं मात्र नेहमीचं आहे. तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊ देऊ नका. शेवटी टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्च्युएटरची दांडी अडकली नाही ना आणि त्याच्याकडे जाणारी बारीक नळी उंदरानं कुरतडली नाही ना, ते पाहा. नळीला शंभर-दीडशे रुपये लागतात.

खरंच टर्बो बदलायची वेळ आली तर बिलात आणखी दोन कामं असलीच पाहिजेत : ऑइल पोचवणारा पाइप साफ करणं किंवा बदलणं, आणि इंटरकूलर धुणं. जुना टर्बो ऑइलवाचून मेला असेल आणि तोच चोंदलेला पाइप नव्याला लावला, तर दुसरा टर्बोही त्याच वाटेनं जाईल. वॉरंटी देणारा दुकानदार तेव्हा हात वर करतो.

दुरुस्ती झाली का, हे ठरवायला चढ लागतो. धुळ्यापुढचा लळिंग घाट त्यासाठी बरा. गाडी दुसऱ्यानं चालवावी आणि फोनवरचा आकडा तुम्ही वाचावा. डिझेल गाडी उभी असताना मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब ९८-१०० किलोपास्कल दिसतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला की तो बहुतेक गाड्यांत २०० च्या घरात जायला हवा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. शेजाऱ्याची त्याच मॉडेलची चांगली चालणारी पिकअप मागून घेऊन तुलना करा, यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं माप नाही. दाब भरपूर आणि ओढ तरी नाही, तर डिझेल फवारणारं नोझल तपासा. एक नोझल बेंचवर पाहायला ३०० ते ५००, नवं घ्यायला १० ते १८ हजार. एक बिघडलं म्हणून चारही बदलायला सांगणाऱ्याकडून चारही नोझलांचा छापील अहवाल मागा.

सुपरचार्जरचं प्रकरण वेगळं. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या बेल्टवर. आपल्या रस्त्यांवर तो भेटलाच तर बहुधा पुण्या-मुंबईकडून स्वस्तात आलेल्या जुन्या मर्सिडीज ‘कॉम्प्रेसर’मध्ये. मागच्या झाकणावर तसं लिहिलेलं असतं. सी-क्लासमध्ये आलेलं तिचं १७९६ सीसीचं पेट्रोल इंजिन झकास ओढतं, पण टायमिंग चेन ताणली जाणं हे त्याचं ठाऊक असलेलं दुखणं आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड ऐकू आली तर ५० हजार ते लाखाचा खर्च धरूनच भाव करा. ओढ कमी असेल तर आधी बेल्ट, मग हवा परत फिरवणारा बायपास, आणि इंजिनाच्या रबरी श्वासनळ्या पाहा. उष्णतेनं त्या बिस्किटासारख्या तुटतात. किरकोळ नळी हजार-दोन हजारांची असते, पण तिथे हात पोचवायची मजुरी त्याहून जास्त. ही गाडी घरी सांभाळणं हौसेचं काम आहे, हिशेबाचं नाही.

आता रिमॅपबद्दल, कारण पोरं विचारतातच. पुण्या-नाशिककडे १५ ते ३५ हजारांत गाडीच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवून देतात. ती जाणवते, खोटी नसते. बोलेरोचं तीन सिलिंडरचं १४९३ सीसी इंजिन कंपनीनं ७५ अश्वशक्तीला बांधलंय. त्यावर आणखी ओझं टाकलं की आधी क्लच घसरतो, आणि त्याचे ८ ते २० हजार रिमॅपवाला सांगत नाही. माल वाहणाऱ्या गाडीला रिमॅप करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गळकी होज तशीच ठेवून रिमॅप केला तर टर्बो ती तूट भरायला जास्त वेगानं फिरतो आणि लवकर मरतो.

कायद्याची बाजूही पैशांचीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकावर ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. धुराची जाळी म्हणजे डीपीएफ काढून टाकली तर प्रदूषणाच्या कलमाखाली १० हजारांपर्यंत दंड वेगळा. कंपनीची वॉरंटी संपते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं निमित्त मिळतं.

इतकं ऐकूनही करायचंच असेल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या : बदलाआधीचा आणि नंतरचा, ताकद मोजणाऱ्या डायनोचा कागद, किती दिवसांत पैसे परत ते लिहिलेलं बिल, आणि गाडीची मूळ फाइल पेनड्राइव्हवर. मूळ फाइल द्यायला टाळाटाळ झाली तर गाडी जशी नेली तशी परत आणा.