टायरवाल्याआधी तू बघ

अगं, गाडी रोज पुसतेस, सीटवर डाग पडू देत नाहीस, पण टायर कधी वाकून बघितलेस का? टायरवाला ‘मॅडम, चारही गेले’ म्हणाला की आपण मान डोलावतो. यंदा पावसाआधी आपणच बघायचे.

गाडी सपाट जागी लाव, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळव आणि मग इंजिन बंद करून हँडब्रेक ओढ. पुढच्या चाकाची आतली कड आता दिसेल. तीच नीट बघ. बाहेरून नक्षी झकास आणि आतून टायर गोटा, असं अलाइनमेंट बिघडलं की हमखास होतं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. हवेचा योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तेवढी भरून घेऊ नकोस.

आता खाचेची खोली. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं शोध. त्याच रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा १.६ मिलिमीटरचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला; आपल्याकडचा नियमही कारला हाच आकडा लावतो. मोजायचंच असेल तर काडेपेटीतली काडी खाचेत उभी धर, नखाने खूण कर आणि पट्टीवर ठेव. कंपासपेटीतली पट्टी थेट खुपसू नकोस, तिच्या शून्याआधी मोकळी जागा असते. मला विचारशील तर ३ मिलिमीटर उरले की नव्या टायरचे पैसे बाजूला काढ. उथळ खाचांतून पाणी पुरेसं निघून जात नाही, वेगात चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेक दाबून उपयोग नाही.

बाजूला फुगा दिसला तर नक्षी कितीही असो, टायर बदल. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात. तुझी गाडी रविवारपुरती निघते, म्हणून वयही तपास: कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा.

दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे मागे घालायला सांग. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गिरकी घेते, ती सावरणं फार कठीण. आणि हो, डिकीतली स्टेपनीही काढून बघ. तिची हवा बऱ्याचदा उतरलेली असते.