नव्याने आणलेल्या मोठ्या कुत्र्याचे पोट बिघडल्यास

शेतावरील वस्ती, मेंढ्यांचा वाडा, खळे व गोठा यांच्या राखणीसाठी कुत्रे पाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पिल्लू आणले तर ते राखणीच्या उपयोगी पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणून दोन-तीन वर्षांचे तयार कुत्रे नातलगाकडून, धनगराच्या वाड्यावरून किंवा शहरातील प्राण्यांच्या निवारागृहातून आणणे पुष्कळांना सोयीचे वाटते. असे कुत्रे वस्तीवर येते, पहिला दिवस अंग चोरून बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यास पातळ जुलाब होऊ लागतात. घरातील मंडळी घाबरून जातात. कोणी दूध पाजावयास सांगतो, कोणी माणसाची गोळी द्यावयास सांगतो. कशानेच उतार पडला नाही म्हणजे कुत्रे रोगट निघाले असे ठरवून ते लांब नेऊन सोडून दिले जाते.

वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी कुत्रे रोगट नसते. त्याचे अन्न व ठिकाण एकाएकी बदललेले असते, एवढेच. मात्र थोड्या प्रसंगी याच जुलाबामागे प्राणघातक रोग किंवा विषबाधा असते. घरी बरे होणारे पोट कोणते आणि तत्काळ दवाखान्यात नेण्याजोगे कोणते, हे ओळखता आले तर एक उपयोगी जनावर वाचते आणि घरातील माणसे व मेंढरेही सुरक्षित राहतात.

पोट का बिघडते

कुत्र्याच्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू असतात व ते अन्न पचविण्यास साहाय्य करतात. जे अन्न नित्य मिळते त्याला अनुसरून या जंतूंचे प्रमाण व पाचकरसांचे प्रमाण ठरत जाते. अन्न एकदम बदलले तर ही व्यवस्था जुळण्यास काही दिवस लागतात. तोवर न पचलेले अन्न आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते व जुलाब होतात.

समजा, वाड्यावर ज्वारीची भाकरी व ताक खाऊन वाढलेले तीन वर्षांचे कुत्रे बागाईत वस्तीवर आणले. नवा पाहुणा म्हणून पहिल्या दिवशी त्यास तांब्याभर म्हशीचे दूध मिळाले, रात्री मटणाचा उरलेला रस्सा व हाडे मिळाली. दुसऱ्या दिवशी जुलाब झाले, म्हणून दहीभात मिळाला. तिसऱ्या दिवशी दुकानातील तयार खाद्याची पिशवी आली. तीन दिवसांत चार प्रकारचे अन्न पोटात गेले. एकाचीही सवय होण्यास अवधी मिळाला नाही. येथे दोष कुत्र्याचा नसून मायेपोटी झालेल्या घाईचा आहे.

दुधाविषयी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. दुधातील साखर पचविणारा रस पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतो. वाढत्या वयाबरोबर तो कमी होतो. म्हणून ज्या मोठ्या कुत्र्यास दुधाची सवय नाही, त्यास दूध हे पथ्य नसून अनेकदा रेचक ठरते.

दुसरे कारण भीतीचे आहे. जुना मालक, ओळखीचे वास व सोबतची कुत्री सुटल्यामुळे कुत्रे अस्वस्थ असते. या अस्वस्थतेने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. अशा वेळी कुत्रे वारंवार बसते, कुंथते, थोडी थोडी विष्ठा टाकते व तिच्यावर शेंबडासारखी चिकट आव दिसते. ते बहुधा खाते-पिते व हिंडते-फिरते. त्यास शांत व ठराविक जागा मिळाली की हा त्रास आपोआप ओसरतो.

कुत्रे आणतेवेळी

कुत्रे ताब्यात घेतानाच जुन्या मालकास पुढील गोष्टी विचाराव्यात: ते काय खाते, दिवसातून किती वेळा व किती खाते, जंताचे औषध केव्हा दिले, पिसाळ रोगाची व इतर लसी केव्हा टोचल्या, आणि मेलेल्या जनावरांचे मांस खाण्याची सवय आहे काय. लसीचा दाखला असल्यास मागून घ्यावा. शक्य असल्यास चार-पाच दिवस पुरेल इतके जुने खाद्य बरोबर आणावे.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस जुनेच अन्न, नेहमीपेक्षा थोडे कमी, ठरलेल्या वेळी दोनदा द्यावे. नंतर तीन भाग जुने व एक भाग नवे अन्न मिसळावे. दोन-तीन दिवसांनी निम्मे जुने व निम्मे नवे करावे. पुन्हा दोन-तीन दिवसांनी एक भाग जुने व तीन भाग नवे करावे. याप्रमाणे दहा-बारा दिवसांत बदल पुरा होतो. मधेच विष्ठा पातळ झाली तर एक पायरी मागे यावे. पाण्याचे भांडे नेहमी भरलेले व स्वच्छ असावे.

कांदा व लसूण घातलेली आमटी, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट ही कुत्र्यास विषारी आहेत. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. त्या घशात वा आतड्यात रुततात. हे पदार्थ कुत्र्यापासून कायमचे दूर ठेवावेत.

घरी करावयाचा उपाय

जुलाब पातळ आहेत, परंतु कुत्रे तरतरीत आहे, पाणी पिते, ओकत नाही व विष्ठेत रक्त नाही, अशा वेळी एक-दोन दिवस घरी उपचार करण्यास हरकत नाही. धडधाकट मोठ्या कुत्र्याचे एक वेळचे अन्न बंद ठेवता येते. मात्र पाणी कधीही बंद करू नये. पिल्ले, गाभण कुत्री व अशक्त कुत्री यांना उपाशी ठेवू नये.

त्यानंतर मऊ शिजविलेला भात व त्यात उकडलेले, हाड व कातडी काढलेले कोंबडीचे मांस द्यावे. मीठ, तिखट, तेल व कांदा यांचा स्पर्शही नसावा. शाकाहारी घरी भातात मुगाच्या डाळीचे पातळ वरण फोडणीवाचून मिसळावे. दिवसाचे अन्न चार-पाच लहान भागांत वाटून द्यावे. आव पडत असल्यास चमचा-दोन चमचे उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा घालावा.

अंगातील पाणी कमी होऊ नये म्हणून साध्या पाण्याशेजारी दुसऱ्या भांड्यात मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ एवढेच प्रमाण असावे. कुत्रे आपणहून पिईल तेवढे पिऊ द्यावे. जबडा उघडून ओतल्यास पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते. विष्ठा दोन दिवस घट्ट राहिली म्हणजे वर सांगितलेल्या क्रमाने नेहमीच्या अन्नावर यावे.

माणसांसाठी असलेल्या ताप व वेदनांच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन, कुत्र्यास घातक ठरू शकतात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या, तसेच मेंढ्यांना पाजावयाचे जंताचे औषधही अंदाजाने देऊ नये. औषध व मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

जंत आणि घरातील माणसे

जुलाब हटत नसतील अथवा थांबून पुन्हा होत असतील तर जंतांचा संशय घ्यावा. आकडी जंत आतड्याच्या आवरणास चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे विष्ठा काळसर होते व हिरड्या फिकट पडतात. पट्टकृमीचे तुकडे गुदद्वाराभोवती तांदळाच्या किंवा काकडीच्या बियांसारखे दिसतात. काही सूक्ष्म परजीव डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात तपासणीस न्यावी. एका तपासणीत काही आढळले नाही तर वेगवेगळ्या दिवशीचे आणखी नमुने द्यावे लागतात.

एक पट्टकृमी मात्र असा आहे, की तो कुत्र्याचे पोट सहसा बिघडवीत नाही, आणि तरीही सर्वांत अधिक काळजी त्याचीच करावयास हवी. त्याची लांबी अवघी काही मिलिमीटर असते. मेंढीच्या काळजातील अथवा फुप्फुसातील पाण्याने भरलेल्या गाठी कच्च्या खाल्ल्याने तो कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून चारा, भाजीपाला, पाणी व हात यांच्या द्वारे मेंढ्यांच्या व माणसांच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात व फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते व मेंढी एकाच बाजूस गोल गोल फिरू लागते. तात्पर्य, कुत्र्याची विष्ठा चांगली आहे म्हणजे त्यास जंत नाहीत असे समजू नये.

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमधील मेंढपाळ कुटुंबांत या गाठींच्या रोगाने कहर केला होता. १८६३ साली हाराल्द क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे जाऊन कुत्र्यांची तपासणी केली. त्यानंतर रोगाची माहिती देणारी सोपी पुस्तिका लोकांत वाटण्यात आली. कुत्र्यांना गाठी असलेली आतडी-काळजे न घालणे व कुत्र्यांस जंताचे औषध देणे या नियमांचा पाठपुरावा झाला आणि पुढे त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. जे तेथे शिस्तीने साधले ते वाड्यावाड्यांतून येथेही साधण्याजोगे आहे.

यासाठी नवे कुत्रे आणल्यावर पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडून त्यास जंताचे औषध द्यावे व त्यांच्या सल्ल्याने ठराविक काळाने ते पुन्हा देत जावे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल हे औषध वापरतात. औषध दिल्यानंतर काही दिवस कुत्रे बांधून ठेवावे व त्याची विष्ठा विहीर, चारा व भाजीचे वाफे यांपासून दूर खोल खड्ड्यात पुरावी. नंतर हात साबणाने धुवावेत. मेंढी-बकरी कापल्यावर टाकाऊ आतडी-काळीज कुत्र्यांपुढे कधीही टाकू नये; तेही खोल पुरावे.

विलंब न लावता दवाखान्यात केव्हा न्यावे

१. विष्ठेत पुष्कळ रक्त असेल अथवा ती डांबरासारखी काळी असेल.

२. वारंवार ओकाऱ्या होत असतील व पाणीही पोटात ठरत नसेल. लस न टोचलेल्या कुत्र्यास ओकाऱ्या व दुर्गंधी रक्ताचे जुलाब होत असल्यास पार्व्हो रोगाचा संशय घ्यावा. हा विषाणू १९७८ साली ओळखला गेला. तो पिल्लांत अधिक मारक असला तरी मोठी कुत्रीही त्यास बळी पडतात.

३. कुत्रे निपचित पडले असेल, हिरड्या कोरड्या, फिकट किंवा पिवळ्या असतील, अथवा मानेवरील कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर लगेच जागेवर जात नसेल. कातडी सावकाश बसणे ही अंगातील पाणी घटल्याची खूण आहे.

४. पोट ढोलासारखे फुगले असेल आणि ओकण्याची धडपड करूनही काही बाहेर येत नसेल. यात काही तासांतच मृत्यू येऊ शकतो.

५. लाळ गळणे, अंग थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे जुलाबासह दिसत असतील. नवखे कुत्रे वस्तीवर सर्वत्र हुंगत फिरते; कीटकनाशकाचा रिकामा डबा वा उंदराचे विष त्याच्या तोंडी लागणे अवघड नाही. विषाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात बरोबर न्यावी.

६. ताप १०३ अंश फॅरनहाइटहून अधिक असेल, किंवा घरच्या उपायाने दोन दिवसांत उतार पडला नसेल. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश असते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कुत्रे खात नाही, लाळ गाळते, गिळता येत नाही, हे पाहून घशात हाड अडकले असेल म्हणून पुष्कळजण त्याच्या तोंडात हात घालतात. ही लक्षणे पिसाळ रोगाचीही असतात. त्या रोगाची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणून आणताना ठणठणीत दिसलेले कुत्रेही निर्धोक मानता येत नाही. अशा कुत्र्याच्या तोंडात हात न घालता त्यास वेगळे कोंडून पशुवैद्यकास बोलवावे. चावा, ओरखडा अथवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

ग्रामसेवकांनी काय करावे

गावात नवे कुत्रे आल्याचे कळताच ग्रामसेवकाने त्या घरी एकदा जाऊन यावे. कुत्रे आल्याचा दिवस, दिलेले अन्न, विष्ठेचे स्वरूप, जंताचे औषध व लस यांची १४ दिवसांची नोंद ठेवण्यास घरातील शाळकरी मुलास सांगावे. कारण कोणते हे या एका कागदावरून पशुवैद्यकास चटकन उमगते. पोट बिघडले म्हणून कुत्रे रानात सोडून देणे हा मार्ग नव्हे, हेही समजावून सांगावे. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय असे कुत्रे मेलेली जनावरे खात हिंडते आणि आपले जंत साऱ्या शिवारात पसरविते.

मोठे कुत्रे नव्या घरी रुळण्यास पंधरवडा लागतो. तेवढे दिवस एकच अन्न, एकच वेळ, एकच जागा व भरपूर पाणी एवढा नेम पाळला, आणि धोक्याची चिन्हे दिसताच दवाखाना गाठला, तर त्याचे पोट बहुधा ठिकाणावर येते. पुढे तेच कुत्रे वस्तीची राखण इमानाने करते.