भंगारातली प्रिंटर मोटर आणि रेडियम कटिंग: पैसे टाकण्याआधी हे तपासा

वलगावसारख्या गावात रेडियम कटिंगला गिऱ्हाईक आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली, ऑटो, दुकानाची काच, सगळ्यांना नाव लागतं. पण नवं मशीन परवडत नाही, म्हणून प्रश्न येतो: जुन्या प्रिंटरच्या मोटरवर जमेल का? जमेल, पण मोटर कोणती निघते त्यावर.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. जीआरबीएल २००९ पासून आहे, फुकट आहे, साध्या अर्डुइनो उनोवर चालतं. वर सीएनसी शील्ड, त्यात ए४९८८ ड्रायव्हर, बस.

मोटर काढली की आधी तारा मोजा. दोनच असतील तर ती डीसी मोटर. अलीकडच्या इंकजेटमध्ये बरेचदा हीच निघते, आपल्या कामाची नाही. चार तारा असतील तर मल्टिमीटर लावा. ज्या दोन तारांत रेझिस्टन्स दाखवतो ती एक कॉइल. सहा तारांच्या मोटरला दोन्ही कॉइलची मधली तार मोकळी सोडा. पाच तारांची मात्र बाजूला ठेवा, उगाच डोकं खाते.

आता खरा हिशोब. प्रिंटर-स्कॅनरच्या चपट्या मोटरी पुष्कळदा ७.५ अंशाच्या असतात, म्हणजे एका फेरीत ४८ स्टेप. २० दात्यांची जीटी२ पुली एका फेरीत बेल्ट ४० मिमी ओढते. म्हणजे एक स्टेप ०.८३ मिमी! अक्षराच्या गोलाईला पायऱ्या दिसणारच. मायक्रोस्टेपिंगने थोडं सुधारतं, पण रेडियममध्ये ब्लेड ओढताना जोर लागतो, तिथे त्याचा भरवसा नाही. जुन्या कटर-प्लॉटरमध्ये १.८ अंशाची मोटर मिळाली तर २०० स्टेप, एक स्टेप ०.२ मिमी. अशी जोडी दिसली की सोडू नका. चपट्या मोटरीवर पेन लावून शिका, ऑर्डर घेऊ नका.

१.८ अंशाच्या मोटरला १६ मायक्रोस्टेपवर $१०० ची किंमत येते ८०. मशीनला १०० मिमी सरकायला सांगा आणि पट्टीने मोजा. ९८ भरलं तर ८० ला १०० ने गुणा, ९८ ने भागा: ८१.६३. दुसऱ्या बाजूसाठी हेच $१०१ ला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, सप्लाय चालू असताना मोटरची तार काढायची नाही. ड्रायव्हर जळू शकतो.

आणि हे इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही: मराठी अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढलेली असतात. इंकस्केपमध्ये नाव टाइप करून तसंच पाठवलं तर ब्लेड शिरोरेषेच्या मधूनच कापत जातं आणि ‘जय किसान’चे तुकडे हातात येतात. आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, ग्रुप सोडवा, अक्षरं जोडायला ‘युनियन’ करा, मगच जी-कोड काढा. ‘युनियन’नंतर ‘क’ची पोकळी भरली तर नाही ना, तेही बघा.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एकच नाव वाया गेलेल्या रेडियमवर दहा वेळा कापा. दहावं नाव पहिल्यावर चिकटवा. कडा जुळल्या तर ट्रॉलीवाल्या भाऊंना भाव सांगायला हरकत नाही.