नवा डीएसी घेऊ का?

प्रश्न : दोनदा ॲम्प्लिफायर बदलला, आता डीएसी (डिजिटल संकेताचं ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारं यंत्र) बदलावासा वाटतोय. हाय-फायच्या नादात समाधान कधी मिळतं का?

उत्तर : मिळतं, पण नवं यंत्र विकत घेऊन क्वचितच. आजच्या बऱ्या डीएसीमधली विकृती इतकी कमी असते, की दोन यंत्रांतला फरक कानाला कळणं अवघड. तरी दुकानात नवं सरस वाटतं, कारण आवाज अर्ध्या-एक डेसिबलने जास्त असला तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘स्वच्छ’ वाटतो. तुलना करायचीच तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा आणि कोणतं यंत्र वाजतंय हे दुसऱ्यालाच ठरवू द्या. वयाबरोबर वरच्या कंप्रता ऐकू येईनाशा होतात. तेव्हा माहितीपत्रकातल्या ४० किलोहर्ट्‌झसाठी पैसे मोजू नका.

खरा फरक पाडतात स्पीकर आणि खोली. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की खर्ज फुगतो, डग्गा घुमत राहतो आणि तानपुरा त्याखाली दबतो. ते भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, समोरच्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा. मग भीमसेनजींची ओळखीची एखादी मैफल लावा. तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू आली, तर काम झालं. हा आनंद मला कुठल्याही नव्या खोक्यापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर काही महिने कशालाही हात लावू नका. एकच दोष सगळ्या ध्वनिमुद्रणांत खटकत राहिला तरच खर्च करा. एकाच तबकडीत खटकला, तर तो त्या मुद्रणाचा आहे.