पडदा आपली ओळख कशी सांगतो?

जंगलपट्ट्यातील निवासी शाळेत संगणक येतात ते बहुधा कुठल्यातरी कार्यालयाने वापरून सोडलेले. आमच्याकडेही तसेच आले. परवान्याचा खर्च नाही आणि जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून त्यांवर लिनक्स बसविले. आम्ही वास्तविक इतिहासाचे शिक्षक. संगणक कक्ष आमच्याकडे आला तो दुसरे कोणी नव्हते म्हणून.

एका यंत्रावर अक्षरे ताणलेली, फुगीर दिसत. रुंद मॉनिटरवर १०२४ × ७६८ हेच माप येई. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने मॉनिटर बदलण्यास सांगितले. तेवढ्या पैशाची तजवीज नव्हती. अशात नववीतील एका मुलीने विचारले, "सर, आपण कोणता मॉनिटर लावला हे संगणकाला कळतं तरी कसं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे शोधले ते असे.

यंत्र सुरू होताच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मदरबोर्डवरील प्रत्येक उपकरणाची नोंद वाचतो. त्या नोंदीत दोन क्रमांक असतात, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली त्याच कंपनीने काढलेल्या प्रोसेसरचेही हेच नाव. हे क्रमांक जुळवून योग्य ड्रायव्हर आपोआप उचलला जातो. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की ही यादी कोणालाही पाहता येते.

येथवर झाली ग्राफिक्स चिपची ओळख. मॉनिटरची ओळख निराळी. त्याच्या आत १२८ बाइटचा एक लहानसा दाखला साठविलेला असतो; त्याला ईडीआयडी म्हणतात. उत्पादकाची तीन अक्षरी खूण, निर्मितीचे वर्ष, पसंतीचे माप, सारे त्यात असते. सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली तरच दाखला शुद्ध मानतात. पूर्वी ही सोय सर्वत्र नव्हती. लिनक्स वापरणाराच मॉनिटरच्या वारंवारितेचे आकडे फाइलमध्ये हाताने लिही, आणि आकडा चुकल्यास मॉनिटर बिघडण्याची भीती असे. २००९ पासून पडद्याचे माप ठरविण्याचे काम टप्प्याटप्प्याने कर्नलकडेच आले. (नव्या ड्रायव्हरने पडदा काळाच राहिला, तर सुरू होताना 'नोमोडसेट' हा शब्द देऊन तात्पुरते काम भागविता येते.)

व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा, निळा हे रंग पहिल्या तीन पिनांतून जातात. दाखला येतो तो बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून. म्हणजे चित्र दिसत असूनही दाखला पोहोचलेला नसणे शक्य आहे. तसे झाले की संगणक कोणत्याही मॉनिटरवर बहुधा चालेल असे माप निवडतो. आमची केबल काढून पाहिली, तो बारावी पिन दुमडलेली! शेजारच्या यंत्राची केबल लावली आणि अक्षरे सरळ झाली.

ती केबल आम्ही टाकलेली नाही. दर जूनमध्ये नव्या तुकडीच्या हाती प्रथम तीच देतो आणि दोष कुठे आहे ते शोधायला सांगतो.