महाराज मध्येच का थांबतात?

दिवाळीच्या सुट्टीत लासलगावला घरी गेले आणि पोचल्या पोचल्या आजीने तक्रार सांगितली. "अगं, कीर्तन रंगात येतं आणि महाराज तोंड उघडं ठेवून थांबतात. टीव्ही बिघडला का गं?"

टीव्ही ठीक होता. त्याच्या मागे लावलेली स्ट्रीमिंग स्टिक अडत होती. गंमत म्हणजे त्याच खोलीत पप्पांच्या मोबाईलवर तेच कीर्तन न थांबता चालू होते!

पप्पा म्हणाले, "मोठा प्लॅन घेऊन टाकू." शेजारचे काका म्हणाले, "राउटरचं ते '५जी' नाव बंद करा, आपल्याकडे ५जीला रेंज नाही." कांद्याला भाव नसताना दरमहा जास्तीचे पैसे कशाला घालायचे? म्हटलं, आधी बघू तरी. इंजिनिअरिंगला आहोत, तर एवढं यायलाच हवं.

आधी काकांचा घोळ सोडवू. मोबाईलचे ५जी म्हणजे पाचवी पिढी. भारतात ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. राउटरच्या नावापुढचे '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, वाय-फायचा एक बँड. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

घरच्या वाय-फायचे मुख्य बँड दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा बँड अरुंद आहे. आपल्याकडे त्यात १ ते १३ चॅनेल आहेत, पण शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. म्हणून एकमेकांना न अडवणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. ब्लूटूथ याच बँडमध्ये, मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे, असा नियम. आपल्या बाजार समितीच्या गेटवर कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग लागते ना, अगदी तसंच. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ, त्यामुळे रांग कमी.

मग सगळ्यांनी ५ च वापरावा का? नाही. २.४ ची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब, तर ५ ची साधारण साडेपाच. तेवढ्याच अंतरावर, तशाच अँटेनाला ५ वर सुमारे ७ डेसिबल कमी, म्हणजे साधारण एक पंचमांश शक्ती मिळते. भिंतीतही ती जास्त जिरते. जुन्या घराच्या दोन जाड भिंतींपलीकडे टीव्ही असेल तर २.४ च बरा.

आता मुख्य मुद्दा. राउटर दोन्ही बँडचा असून भागत नाही, स्टिकमध्येही त्या बँडचा रेडिओ हवा. तो नसेल तर ५ चे नाव यादीत दिसणारच नाही आणि कुठल्याही सेटिंगने ते येणार नाही. २०१३ चे पहिले क्रोमकास्ट फक्त २.४ वर चालत असे. २०१५ च्या दुसऱ्या क्रोमकास्टमध्ये दोन्ही बँड आले. घेताना डबीवर '८०२.११' नंतरची अक्षरे वाचा. 'एसी' असेल तर ५ नक्की आहे, कारण 'एसी' त्याच बँडवर चालते. नुसत्या 'एन' वरून मात्र कळत नाही. तिथे 'ड्युअल बँड' लिहिलेले शोधावे.

आमच्या स्टिकच्या डबीवर 'बी/जी/एन' आणि पुढे फक्त २.४. पप्पांचा फोन ५ वर मोकळा धावत होता आणि स्टिक २.४ च्या रांगेत उभी होती. फुल एचडीला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात, आमचा प्लॅन त्याच्या कितीतरी पट. म्हणजे प्लॅन वाढवूनही महाराज थांबलेच असते!

फोनवरच्या एका फुकट ॲपने पाहिलं, तर शेजारचे बहुतेक राउटर ६ वर आणि आमचाही ६ वरच. मी आमचा ११ वर नेला, चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली आणि लोखंडी कपाटामागचा राउटर उघड्यावर आणला. १३ रिकामा होता, पण तो घेतला नाही. स्टिक मामेभावाने अमेरिकेतून आणलेली, आणि तिकडच्या बऱ्याच उपकरणांना १२ व १३ दिसतच नाहीत.

रात्री कीर्तन सलग झालं. आजीने विचारलं, "केवढ्याला पडलं गं?" म्हटलं, "फुकट."

हॉस्टेलवरही हेच लक्षात ठेवा. मोबाईलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर मित्राच्या जुन्या स्टिकला तो दिसणार नाही, त्याला २.४ वर आणा. आणि स्पीड कमी म्हणून खिशात हात घालण्याआधी आपलं उपकरण कोणत्या बँडवर आहे, एवढं एकदा बघाच!